थेसालोनिकीतल्या ज्यू कबरीच्या दगडावरचं साल कसं काढायचं

ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहराचं जुनं ज्यू दफनस्थान आता जागेवर नाही. जर्मन ताब्यात असताना, डिसेंबर १९४२ मध्ये ते उखडलं गेलं, दगड बांधकामांत गेले आणि त्या जमिनीवर आज अरिस्टॉटल विद्यापीठ आहे. वाचलेल्यांपैकी काही दगड आयिऊ मिना रस्त्यावरच्या ज्यू संग्रहालयात तळमजल्यावर पाहायला मिळतात. हिब्रू येत नसली तरी त्यांवरचं साल काढता येतं. बावीस अक्षरं ओळखता आली की झालं.

आधी उजेड. टॉर्च समोरून मारू नका, दगडाच्या कडेला जवळजवळ आडवी धरा, म्हणजे झिजलेल्या खाचांत सावली पडते. डावी-उजवी दोन्हीकडून फोटो घ्या. खडू किंवा पीठ चोळू नका, संगमरवर खराब होतो. शक्य असेल तर मागची बाजूही बघा. इथे प्राचीन संगमरवर पुन्हा वापरला जाई, त्यामुळे मागे ग्रीक लेख सापडला तर त्याचा या मृताशी संबंध नाही.

मजकूर उजवीकडून डावीकडे वाचायचा. पहिल्या नऊ अक्षरांची किंमत १ ते ९, पुढच्या नऊंची १० ते ९०, उरलेली चार म्हणजे कोफ १००, रेश २००, शिन ३००, ताव ४००. सालाची अक्षरं बेरजेची असतात आणि हिब्रू सनातली हजारी, म्हणजे ५०००, बहुधा गाळलेली असते. बेरजेत १२४० मिळवले की इसवी सन येतं. रेश-नून-बेत म्हणजे २००+५०+२ = २५२, म्हणून १४९२. स्पेनमधून हकालपट्टी झाली ते हेच साल. ताव-शिन-गिमेल म्हणजे ७०३, म्हणजे १९४३. त्या वर्षीच्या १५ मार्चला इथून ज्यूंना घेऊन पहिली गाडी आउश्वित्झच्या छळछावणीला निघाली. हिब्रू वर्ष तिश्री महिन्यात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं, म्हणून तिश्री, हेश्वान आणि किस्लेव या महिन्यांना बहुतेक वेळा १२३९च मिळवायचे. तेवेत डिसेंबर-जानेवारीत पडतो, तिथे तारीखही पाहावी लागते.

चुका ठरलेल्या जागी होतात. शेवटी ताव-नून-त्सादी-बेत-हे दिसलं आणि तुम्ही बेरीज केली, तर ५४७ येतात, म्हणजे १७८७! पण ते साल नव्हे. मृताचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधला जावो, या प्रार्थनेची ती आद्याक्षरं आहेत. सालानंतरचं लामेद-पे-कोफ हेही फक्त ‘हजार गाळून’ असं सांगतं, बेरजेत धरायचं नाही. सालाच्या अगदी सुरुवातीला सुटा ‘हे’ असेल तर तो ५ नव्हे, ५०००.

अक्षरांची गल्लतही होते. दालेतचा कोपरा टोकदार, रेशचा गोल, आणि फरक ४ नि २०० चा! ‘हे’च्या डाव्या पायावर फट असते, ‘हेत’ला नसते, ताव असेल तर डाव्या पायाला तळाशी ठोसर वळण दिसतं. एरवी मोठ्या किमतीचं अक्षर आधी येतं. क्रम उलटा दिसला तर आधी स्वतःच्या वाचनावर संशय घ्या. पण अशुभ शब्द होऊ नये म्हणून मुद्दाम फिरवलेली अक्षरंही असतात. १५ आणि १६ साठी योद-हे, योद-वाव लिहीत नाहीत, कारण ती देवाच्या नावातली अक्षरं; तिथे तेत-वाव (९+६) आणि तेत-झायिन (९+७) येतं. बायबलचं वचन कोरून त्यातल्या काहीच अक्षरांवर ठिपके दिले असतील, तर फक्त ठिपकेवाली मोजायची. हा प्रकार सगळ्यात जास्त चकवतो.

सरावासाठी ग्रीसला जायची गरज नाही. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंच्या कबरींवर हिब्रूसोबत मराठीही सापडते, दोन्हीकडे साल असेल तर बेरीज लगेच ताडून पाहता येते.

साल निघालं की भाषेकडे वळा. १४९२ नंतर स्पेन-पोर्तुगालहून आलेल्यांनी इथे कास्तिया, आरागॉन, लिस्बन अशा गावाकडच्या नावांची सिनेगॉग उभारली, आणि त्यांची लादिनो, म्हणजे जुन्या स्पॅनिशमधून आलेली भाषा, हिब्रू लिपीत लिहिली जाई. अक्षरं लागतात पण हिब्रू शब्द जुळत नाही, अशी ओळ मोठ्याने वाचून स्पॅनिश येणाऱ्याला ऐकवा.