बांधलेले इंजिन मालकाच्या ताब्यात देण्यापूर्वी या चुका टाळा

नव्याने बांधलेले इंजिन दिवसभर आयडलवर चालू ठेवले की आपोआप मोकळे होते, म्हणजे नवे भाग एकमेकांवर नीट बसतात, ही समजूत गॅरेजांतून अजूनही जात नाही, आणि चांगली इंजिने तिच्यापायीच वाया जातात. होनिंगमुळे, म्हणजे दगडाने घासल्यामुळे, सिलिंडरच्या भिंतीवर उमटलेल्या तिरक्या रेघांवर पिस्टनभोवतीच्या रिंगा घासून बसाव्या लागतात. त्यासाठी रिंगेच्या पाठीमागे ज्वलनाच्या वायूचा दाब लागतो, आणि लोड, म्हणजे गाडी ओढण्याचा भार, आल्याखेरीज तो पुरेसा येत नाही.

दुसऱ्या गॅरेजात बोअर करून (सिलिंडर आतून कापून मोठे करून), नवे पिस्टन आणि रिंगा घालून, नंतर तासन्‌तास नुसतीच उभी चालवलेली एक प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे आली, तेव्हा ती निळा धूर सोडत होती आणि ऑइल पीत होती. हेड (सिलिंडरवरचे झाकण) उतरवल्यावर बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, आरशासारखा चकचकीत दिसला. जळक्या ऑइलच्या थराखाली रेघा इतक्या बुजल्या होत्या की नखालाही लागत नव्हत्या. मापे अचूक होती, पिस्टनही निर्दोष होते. पुन्हा होनिंग करून नव्या रिंगा घातल्या आणि इंजिन गरम होताच गाडी मोकळ्या रस्त्यावर नेली. अशा वेळी मी तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्याहून अधिक रेस देऊन वेग वाढवतो, मग पाय काढून त्याच गिअरमध्ये गाडी मंदावू देतो आणि हे पुन्हा पुन्हा करतो. त्यानंतर धूर थांबला.

पद्मिनीसारख्या पुशरॉड इंजिनात (ज्यात खालचा कॅमशाफ्ट दांड्यांमार्फत वरचे व्हॉल्व्ह उघडतो) कॅमशाफ्ट आणि त्यावर टेकणारे टॅपेट नवे असतील, तर रस्त्यावर नेण्याआधीची पहिली 20 मिनिटे इंजिनाचे फेरे मिनिटाला 1500 ते 2500 यांच्या दरम्यान खालीवर ठेवावेत, कारण त्यांना क्रँकवरून उडणारे ऑइल मिळते आणि आयडलला ते पुरत नाही.

कोरडे, म्हणजे आत ऑइल न फिरलेले, इंजिन एकदम सुरू करण्याची घाई तर अक्षम्य आहे. प्लग काढून, इग्निशन तोडून, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत स्टार्टरने इंजिन फिरवायला कितीसा वेळ लागतो? पाणी भरताना हीटर उघडा ठेवून हवा काढावी. पहिल्या भरणीला सिंथेटिक ऑइल वापरू नये.

ताबा देण्यापूर्वी ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत आणि जुना फिल्टर कापून त्याचा कागद उजेडात पाहावा. थोडी बारीक करडी भुकटी चालते. तांबूस कण दिसले तर बेअरिंग खाल्ले जात आहे असे समजून, मालकाचे कितीही फोन आले तरी गाडी अडवून संप (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) उतरवावा.