संकटकाळाची बेगमी: या चुका टाळा

2020 च्या लॉकडाऊननंतर आमच्या दापोलीकडच्या वाडीत जमीन बघायला येणाऱ्या गाड्या वाढल्या. येणारी माणसं आंब्याची कलमं बघतात, समुद्र किती लांब आहे विचारतात आणि निघताना हळूच म्हणतात, "उद्या सगळंच कोसळलं, तर इथं निभेल ना?" हा प्रश्न मला कधीच वेडगळ वाटला नाही. याच काळजीने आम्ही 2014 साली पुणे सोडलं. पण या वर्षांत आमच्या आणि ओळखीच्या चार-पाच घरांच्या हातून त्याच त्या चुका होताना पाहिल्या. काहींमुळे पैसा गेला, काहींमुळे माणसं खचून परत गेली.

आधी कोसळणं म्हणजे काय, ते नीट बघायला हवं. एका सकाळी उठलो आणि सगळं संपलेलं, असं चित्र मनात धरलं की तयारीही तशीच अचाट होते. आपल्याकडे ते तुकड्यातुकड्याने येतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई थांबली. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, जुलै 2021 मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं. दर वेळी नळ, तार, रस्ता, दुकान यांतलं काही ना काही तुटलं, कधी दोन दिवस तर कधी काही महिने. असे तुकडे जवळजवळ येऊ लागतील, ही माझी खरी भीती आहे. आणि त्याला तोंड द्यायची रीत कोकणात आधीपासून आहे. तिला आगोट म्हणतात. पावसाने वाटा बंद होण्याआधी मे महिन्यात चार महिन्यांचं धान्य, मीठ, मिरची, सुकी मासळी, लाकूडफाटा भरायचा.

भरून ठेवलं आणि विसरलं

पहिल्या वर्षी आम्ही साठ किलो हातसडीचा तांदूळ हवाबंद पिंपात भरला. पौष्टिक, नैसर्गिक, संकटात हाच हवा, असा विचार. दिवाळीला झाकण उघडलं तर खवट वास. हातसडीच्या तांदळावर कोंड्याचा थर असतो, कोंड्यात तेल असतं आणि ते सहा महिन्यांत खराब व्हायला लागतं. हे इथल्या कुठल्याही म्हातारीने सांगितलं असतं, पण आम्ही विचारलंच नाही. साठवायचं ते भात, टरफलासकट. ते कणगीत, म्हणजे बांबूच्या विणलेल्या कोठीत, वर्षाहून जास्त राहतं. लागेल तसं उखळात सडून घ्यायचं. पांढरा आणि उकडा तांदूळही टिकतो. सगळ्यात चिवट नाचणी. दाणा इतका बारीक की किडीला आत घर करता येत नाही, नीट वाळवलेली नाचणी वर्षानुवर्षं चांगली राहते.

भात भरलं की लगेच दुसरी गोष्ट तपासा. ते सडणार कशावर? गिरण विजेवर चालते. उखळ-मुसळ आणि जातं घरात हवं. नुसतं असून भागत नाही, महिन्यातून एकदा तरी त्यावर काम करायला हवं. अर्धा तास जातं ओढलं की घरातल्या चार माणसांना किती पीठ लागतं ते खांद्यांना कळतं.

किती भरायचं, यावर फार गोंधळ दिसतो. कष्ट करणाऱ्या माणसाला दिवसाला साधारण 400 ग्रॅम धान्य धरा. चार माणसं, चार महिने म्हणजे 192 किलो, सरळ दोन क्विंटल. डाळी-कडधान्यं तीस किलो, तेल बारा किलो, मीठ पाच किलो. पापड-लोणची घालायची असतील तर मीठ दुप्पट. एवढंच पुरे. पाच वर्षांचं भरणाऱ्यांचं धान्य किडे खातात. जुनं पुढे, नवं मागे ठेवा, रोजच्या जेवणात तेच वापरा आणि मे महिन्यात पुन्हा भरा.

ओलं धान्य, ओला पाला

कीड लागली की लोक औषध शोधतात. मूळ दोष बहुतेक वेळा ओलीचा असतो. तांदूळ-गव्हात ओल बारा टक्क्यांच्या आत हवी, डाळींत त्याहून कमी. घरी मोजणार कसं? शेजारच्या काकींनी आमच्या ओटीवरच्या तट्ट्यावर बसून एक दाणा दाढेखाली धरला आणि थांबल्या. "चेपतोय. कट् आवाज नाय आला. अजून दोन उन्हं दाखव." दोन उन्हांनंतर तोच दाणा कट् करून तुटला, मला तो आवाज बाजूला उभ्या-उभ्या ऐकू आला.

दातांवर विश्वास नसेल तर कोरडी काचेची बाटली घ्या. तीत चमचाभर कोरडं मीठ आणि मूठभर धान्य घालून झाकण लावा, जोराने हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ते धान्य भरायच्या लायकीचं नाही. चिकटलं नाही तरी एक ऊन जास्त द्या, कोकणची हवा दमट आहे. उन्हातून आणलेलं धान्य गार झाल्यावरच भरा. गरम भरलं की डब्याला आतून घाम येतो.

कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळवून. झाडावरून तोडून हिरवाच पाला घालणारे मी पाहिलेत, त्याने डब्यात उलट ओल वाढते. तूरडाळीला एरंडेल चोळा, वालाला चाळलेली कोरडी राख लावा. आणि बाजारात कुणी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या दिल्या तर घरात आणूच नका. त्यातून निघणारा वायू किड्यांइतकाच माणसांनाही मारतो, बंद खोलीत झोपलेल्यांना कळतही नाही.

कीड लागूनच गेली असेल तर सगळं फेकू नका. चाळा, पाखडा, कडक उन्हात पातळ पसरा, डबा धुऊन वाळवून मग परत भरा. बुरशीचा वास किंवा काळे-हिरवे डाग असतील तर मात्र माया करू नका. ते जनावरांनाही घालू नका.

विहीर दिवाळीत बघितली

जमीन बघायला लोक पावसाळ्यानंतर येतात. सगळं हिरवं, विहीर काठोकाठ. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभा दगड पाणी धरत नाही. एप्रिलमध्ये त्याच विहिरीच्या तळाशी चिखल असतो. विहीर बघायची ती मेच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि शेजाऱ्याला विचारायचं की टँकर शेवटचा कधी आला होता.

ज्यांनी आधीच घेतली त्यांच्यासाठी हिशेब. शंभर चौरस मीटर छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर. चार माणसांना रोज माणशी 55 लिटर धरलं तर फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांना 26,400 लिटर लागतं. म्हणजे छपरावरच्या पाण्याचा अकरावा हिस्सासुद्धा धरून ठेवला तरी भागतं. तीस हजार लिटरची झाकलेली टाकी बांधा, पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर सोडा, नळीच्या तोंडाला जाळी लावा. झाडांना हे पाणी नाही. त्यांच्यासाठी प्लास्टिक कागद अंथरलेलं वेगळं जलकुंड खणा.

आणि पंप बसवला म्हणून रहाट काढून टाकू नका. आम्ही काढला होता. निसर्ग वादळानंतर शेजाऱ्याचा दोर मागून आणावा लागला.

कागद

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. "दाखला आम्ही करून देतो" म्हणणाऱ्या दलालापासून लांब राहा. कोकणातल्या सातबाऱ्यावर वीस-वीस नावं सामाईक असतात, एकाची सही राहिली तरी पुढची दहा वर्षं कोर्टात. रस्त्याचा हक्क कागदावर बघा, गाडी आत गेली म्हणजे वाट आहे असं नाही.

छपरावर सोलर, घरात अंधार

ही चूक शहरातही होते. वीजमंडळाच्या जोडणीवर चालणारं साधं सोलर वीज गेली की आपोआप बंद पडतं. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ते तसंच केलेलं असतं. 2020 च्या जूनमध्ये आमच्या भागात कित्येक आठवडे वीज नव्हती. वर लख्ख ऊन, छपरावर लाखांचे पॅनल, आणि खाली मेणबत्ती. घेण्याआधी विचारा: लाईट गेल्यावर हे चालतं का? नसेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर जोडून घ्या, किंवा शंभर वॉटचा एक वेगळा पॅनल आणि छोटी बॅटरी फक्त दिवे आणि फोनसाठी ठेवा. लेड-ॲसिड बॅटरी संकटासाठी म्हणून तशीच ठेवून दिली तर दोन वर्षांत मरते. तिचं पाणी बघत राहावं लागतं आणि ती वापरात ठेवावी लागते.

बियाणं डब्यात

बियाण्यांची पाकिटं विकत घेऊन फ्रीजमध्ये ठेवणं, याला लोक बियाणं जपणं म्हणतात. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी झाडं आई-बापासारखी निघत नाहीत. कांद्याचं बी वर्षभरातच दम सोडतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 चा पद्मश्री मिळाला तो देशी वाण जपण्यासाठी. त्या बी राखेत, मडक्यात ठेवतात, पण मुख्य म्हणजे ते पेरतात, वाटतात आणि पुन्हा धरतात. सुरुवातीला वाल, चवळी, मूग, भात, नाचणी यांचं बी धरा, यांत भेसळ कमी होते. काकडी, दोडका, भोपळा यांत मधमाश्या शेजारच्या वाणाचा पराग आणतात, ते नंतर. पेरणीआधी वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. पाच-सहा दिवसांत पंधरा मोडले तर बी चांगलं. दहाच मोडले तर दुप्पट पेरा आणि यंदा नवं बी धरा.

औषधांऐवजी काढे

तुळस, अडुळसा जरूर लावा. पण साखर, रक्तदाब यांची औषधं दोन महिने पुढची घरात असू द्या आणि सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात असतं ते आधीच विचारून ठेवा. विंचू चावून कोकणात माणसं मरत. तो मृत्यू रोखायला महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी वापरलेलं प्राझोसिन हे औषध कामी आलं, पाला नव्हे.

कुंपण आधी, ओळख नंतर

सगळ्यात महाग पडलेली चूक ही. आमच्या पलीकडच्या डोंगरावर एका कुटुंबाने सहा फुटी जाळी घातली, कॅमेरे लावले, दोन वर्षांचं धान्य भरलं. वाडीतल्या कुणाला नाव माहीत नाही. निसर्ग वादळात त्यांच्या वाटेवर आठ-दहा झाडं आडवी झाली आणि ती पंधरा दिवस तशीच पडून होती. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कोयते-कुऱ्हाडी घेऊन वाडीतली पोरं आली, कारण आदल्या उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, बंधारा घातला होता. ते कुटुंब त्याच पावसाळ्यात शहरात परतलं. माणसं वाईट नव्हती. त्यांना वाटत होतं की संकटात लोक लुटायला येतात.

1972 चा दुष्काळ ज्यांनी काढला त्यांना विचारा. लोक तगले ते सरकारच्या दुष्काळी कामांवर, तिथं वाटल्या जाणाऱ्या सुकडी या पौष्टिक खाऊवर, रेशनच्या लाल मिलो ज्वारीवर. मे 1973 मध्ये जवळपास 50 लाख माणसं त्या कामांवर होती. आजही रेशन दुकान, ग्रामसभा, आरोग्य केंद्र नीट चालवून घेणं हा बेगमीचाच भाग आहे. नवीन आलात तर शिमग्याला पालखी दारात घ्या, मयताला जा, बंधाऱ्याच्या कामाला हात लावा. काही शिकवायला जाऊ नका, पहिली दोन वर्षं विचारत राहा.

सराव न करता सोडलेली नोकरी

जागा घेण्याआधी, आहात त्या फ्लॅटमध्ये एक शनिवार-रविवार काढा. मेन स्विच बंद, गॅस बंद, नळ बंद, दुकानात जायचं नाही. काय आधी संपतं ते वहीत लिहा. आम्ही पुण्यात केलं तेव्हा शनिवारी दुपारी दोनला पाणी संपलं. धान्य भरपूर होतं, शिजवायला काही नव्हतं, आणि सासूबाईंची इन्सुलिन फ्रीजमध्ये होती. पुढच्या सोमवारी मी माठाच्या दुकानात गेलो आणि दोन मडकी आणली, एकात एक बसणारी. मधल्या फटीत वाळू भरून ती ओली ठेवली की आतलं मडकं गार राहतं. पहिले आठ दिवस त्यात नुसता तापमापक ठेवला होता.