सिग्नल बसवल्यानंतरची खरी कामं

गेल्या पावसाळ्यात गिरगावातल्या माझ्या मावशीला एक फोन आला. "काकू, माझा कोड चुकून तुमच्या नंबरवर आलाय, जरा वाचून दाखवता का?" तिने सहा आकडे वाचून दाखवले आणि थोड्याच वेळात तिचं मेसेजिंगचं खातं दुसऱ्याच कुणाच्या हातात गेलं. वाडीतल्या ओळखीच्या बायकांना तिच्या नावाने 'तातडीने पैसे पाठवा' असे मेसेज गेले. नंतर मी तिच्या फोनवर सिग्नल हे मेसेजिंग ॲप लावून दिलं. ॲप बसवायला दोन मिनिटं लागली. त्यानंतरची कामं महत्त्वाची, आणि नेमकी तीच बहुतेक जण सोडून देतात.

सिग्नल हे एका ना-नफा संस्थेचं ॲप आहे. त्यात जाहिराती नाहीत आणि त्याचा सोर्स कोड, म्हणजे ॲप ज्या सूचनांवर चालतं त्या, सगळ्यांसाठी खुला आहे, त्यामुळे जाणकार तो स्वतः तपासू शकतात. तुमचा मेसेज तुमच्याच फोनवर कुलूपबंद होतो आणि ज्याला पाठवला त्याच्याच फोनवर उघडतो. मधल्या सर्व्हरला वाचता येत नाही. असं कुलूप व्हॉट्सॲपमध्येही आहे आणि तेही सिग्नलच्याच प्रोटोकॉलवर, म्हणजे कुलूप लावण्याच्या पद्धतीवर, चालतं. पण सिग्नल स्वतःजवळ माहितीच जवळपास ठेवत नाही. 2016 साली अमेरिकेत तपासासाठी माहिती मागितली गेली, तेव्हा खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच त्यांना देता आलं.

ॲप प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरूनच घ्या, कुणी पाठवलेल्या लिंकवरून नको. नंबर टाका, एसएमएसने आलेला कोड भरा. हा कोड कुणालाही सांगायचा नाही, समोरचा स्वतःला कोणीही म्हणवत असला तरी.

मग ॲप पिन ठेवायला सांगेल. जन्मसाल किंवा 1234 ठेवू नका. आकड्यांऐवजी अक्षरंही चालतात. पिन ठेवून थांबायचं नाही. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट' उघडा आणि 'रजिस्ट्रेशन लॉक' सुरू करा. आता कुणी तुमचा ओटीपी काढून घेतला तरी पिनशिवाय तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवता येणार नाही. मावशीच्या बाबतीत असं कुलूप असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. मात्र पिन विसरलात तर तुमचंच खातं सात दिवसांपर्यंत अडकू शकतं. म्हणून मावशीने तो देवघरातल्या पोथीत लिहून ठेवलाय. मला ती जागा पटली.

'प्रायव्हसी'त 'फोन नंबर' उघडा. नंबर कुणाला दिसावा, या प्रश्नाला 'नोबडी' निवडा. बहुधा ते आधीच निवडलेलं असतं, तरी बघून घ्या. सोसायटीच्या किंवा शाळेच्या ग्रुपमध्ये अनोळखी माणसांना आपला नंबर दिसू नये, असं वाटणाऱ्या बायकांसाठी ही सोय फार मोलाची आहे. नव्या ओळखीला नंबराऐवजी युजरनेम द्या. 2024 पासून ही सोय आहे.

आता या सगळ्यातलं माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं काम, सेफ्टी नंबर जुळवणं. चॅटमध्ये वरच्या नावावर टॅप करा, खाली 'व्ह्यू सेफ्टी नंबर' दिसेल. पाच-पाच आकड्यांचे बारा गट, म्हणजे 60 आकडे, आणि सोबत क्यूआर कोड. समोरच्याच्या फोनवरही हेच आकडे असतील, तर मध्ये तिसरं कुणी बसलेलं नाही. मावशी आणि मी तिच्या स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो. तिने चष्मा लावला, माझ्या फोनवरचा कोड तिच्या फोनने स्कॅन केला आणि हिरवी खूण आली. "एवढंच?" तिने विचारलं. एवढंच! बहीण पुण्यात असल्याने तिच्याशी व्हिडिओ कॉलवर एकेक गट वाचून जुळवला.

पुढे कधी 'सेफ्टी नंबर बदलला' अशी सूचना आली तर घाबरू नका. बहुतेक वेळा त्या माणसाने फोन बदललेला असतो किंवा ॲप पुन्हा बसवलेलं असतं. तरी पैशांचं किंवा कागदपत्रांचं बोलणं चालू असेल, तर आधी त्याला साधा फोन लावा, आवाज ऐका.

लोकलमधून जाताना नोटिफिकेशनकडेही लक्ष हवं. गर्दीच्या फास्ट लोकलमध्ये खांद्याला खांदा लावून उभे असताना तुमच्या स्क्रीनवर आलेली ओळ शेजारच्यालाही दिसते. नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये नाव आणि मजकूर दोन्ही लपवा, आणि 'स्क्रीन लॉक'ही लावा.

भाड्याच्या घरासाठी एजंटला आधार कार्डाचा फोटो पाठवताय? चॅटमध्ये 'डिसअपिअरिंग मेसेजेस', म्हणजे ठरावीक वेळाने मेसेज आपोआप पुसण्याचा टायमर, एका दिवसावर ठेवा. समोरच्याने स्क्रीनशॉट घेतला तर मात्र टायमरचा उपयोग नाही, हे लक्षात असू द्या.

शेवटचं काम बॅकअपचं. मेसेज तुमच्या फोनवरच असतात, त्यामुळे जुलैच्या पावसात फोन भिजून बंद पडला तर तेही गेले. सेटिंग्जमधून बॅकअप सुरू करा आणि ॲप दाखवेल ती किल्ली कागदावर उतरवून घ्या. ती हरवली तर बॅकअप कुणालाच उघडता येत नाही, सिग्नललासुद्धा नाही. मावशीचा तो कागदही पोथीतच आहे, पिनच्या शेजारी.