एकवीस जनुकांचा रिपोर्ट हातात आला, आता तो वाचायचा कसा?

मी कोल्हापुरात हिस्टोपॅथॉलॉजी करते. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ ज्या टेबलावर कापून बघतात, तिथे माझं काम असतं, त्यामुळे पेशंट मला क्वचितच भेटतात. भेटतात ते नातेवाईक. ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले गाठीचे तुकडे, मागायला येतात आणि हल्ली जाता जाता मोबाइलवरची एक पीडीएफ पुढे करतात. "मॅडम, एकवीस आलाय. पास का नापास?"

ती पीडीएफ बहुतेक वेळा ऑन्कोटाइप डीएक्सची असते. स्तनाच्या गाठीतली एकवीस जनुकं किती जोरात काम करताहेत ते मोजून शून्य ते शंभरमधला एक आकडा, म्हणजे आजार परतण्याचा धोका सांगणारा रिकरन्स स्कोअर, त्यात दिलेला असतो. टेस्टला लाखांत खर्च येतो, नमुना कॅलिफोर्नियातल्या रेडवुड सिटीला जातो आणि उत्तर येतं एका ओळीचं. ती ओळ वाचायची पद्धत सांगते.

आधी जुना रिपोर्ट काढा

स्कोअर बाजूला ठेवा आणि फाइलमधला साधा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट शोधा. एका कागदावर उतरवून घ्या: गाठीचा आकार, ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात), काखेतल्या किती लसिका गाठींत कॅन्सर आहे, ईआर आणि पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनांचे रिसेप्टर) किती टक्के, हर-टू (वाढीला चालना देणारं प्रथिन) काय, केआय-६७ (वाढीच्या गतीची खूण) किती. शेजारी वय आणि पाळी चालू आहे की गेली, तेही लिहा. या कागदाशिवाय स्कोअर वाचता येत नाही.

टेस्ट तुमच्यासाठी होती का, हेही याच कागदावर कळतं. ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, आजार सुरुवातीचा आणि काखेतल्या कॅन्सर असलेल्या गाठी शून्य ते तीन, एवढ्यांसाठीच ती आहे. ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह) किंवा हर-टू पॉझिटिव्ह असेल तर केमोचा निर्णय वेगळ्या वाटेने होतो, तिथे हे पैसे घालवू नका.

आणखी एक घोटाळा जवळपास प्रत्येक घरात होतो. "जनुकांची टेस्ट चांगली आली, म्हणजे आता मुलीला धोका नाही ना?" असं विचारतात. त्याचा या टेस्टशी काही संबंध नाही. आईवडिलांकडून आलेला बीआरसीए दोष रक्तातून किंवा लाळेतून तपासतात. इथे फक्त गाठीच्या पेशी आज कसं वागताहेत ते मोजलेलं असतं. स्कोअर पाच असो की पन्नास, मुलीबद्दल तो काहीच सांगत नाही.

नमुना कसा गेला, ते विचारा

हे आमच्या टेबलावरचं दुखणं आहे, म्हणून जरा लांबण लावते. जनुकाचं काम मोजतात ते त्याने बनवलेल्या आरएनए या रेणूवरून आणि आरएनए फार लवकर तुटतो. गाठ काढल्यावर तासाभरात ती कापून दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावात) गेली पाहिजे आणि तिथे सहा ते बहात्तर तास राहिली पाहिजे. प्रत्यक्षात काय येतं? अख्खा स्तन अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबलेला, वर चार बोटं फॉर्मलिन. कधी तर नुसतं सलाइन. मधल्या भागापर्यंत फॉर्मलिन पोचलेलंच नसतं.

ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर सर्जनना सरळ विचारा, "नमुना लॅबला कधी आणि कशात जाणार?" यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. ऑपरेशन झालेलं असेल तर ब्लॉक मागताना नुसतं "ब्लॉक द्या" म्हणू नका. ज्या ब्लॉकमध्ये इन्व्हेसिव्ह (आजूबाजूला घुसलेला) कॅन्सर सगळ्यात जास्त आहे तो निवडून द्यायला सांगा. बायोप्सीची सुई जिथून गेली होती त्या जागेचा ब्लॉक शक्यतो नको. तिथे जखम भरून आणणाऱ्या पेशींची गर्दी असते आणि त्यांच्यामुळे स्कोअर उगाच वर जाऊ शकतो. सगळे ब्लॉक एकदम देऊ नका, एखादा मूळ लॅबमध्ये राहू द्या.

आकड्याच्या पोटात काय असतं

एकवीसपैकी पाच जनुकं फक्त तुलनेसाठी आहेत. उरलेल्या सोळांना सारखी किंमत नाही. पेशी किती वेगाने दुभंगताहेत ते सांगणाऱ्या पाच जनुकांच्या गटाला सूत्रात १.०४ वजन आहे, हर-टू गटाला ०.४७ आणि इस्ट्रोजेनच्या गटाला वजा ०.३४. बाकीच्यांचं वजन नगण्य. म्हणजे आकडा वर चढवते ती मुख्यतः वाढीची गती. तीच गती मी मायक्रोस्कोपखाली मायटोसिस, म्हणजे दुभंगणाऱ्या पेशी, मोजून ग्रेडमध्ये लिहिते, अर्थात इतक्या बारीक मापाने नाही.

२०११ मध्ये व्हेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मजेशीर तपासणी केली. जेवणानंतर हसल्यावर रक्तातल्या पेशींमध्ये बदलणाऱ्या जनुकांची यादी त्यांनी घेतली आणि स्तनाच्या कॅन्सरच्या २९५ रुग्णांच्या माहितीवर लावून पाहिली. तीही यादी कोण जास्त जगेल ते "ओळखू" लागली! वाढीच्या गतीशी इतकी जनुकं बांधलेली आहेत की चिठ्ठ्या टाकून शंभरभर जनुकं उचलली तरी बहुतेकदा काहीतरी भाकीत निघतंच. म्हणून कुणी "आमच्या पॅनेलमध्ये जास्त जनुकं आहेत" म्हणालं तर भारावून जाऊ नका. किती जनुकं, यापेक्षा त्या स्कोअरवर केमो देऊन आणि न देऊन कुणी पाहिलंय का, हे विचारा.

एकवीस जनुकांवर तसं पाहिलेलं आहे.

आता वय आणि आकडा शेजारी ठेवा

टेलरएक्स या रुग्णांवरच्या अभ्यासाचा निकाल २०१८ मध्ये आला. काखेत आजार नसलेल्या आणि स्कोअर ११ ते २५ असलेल्या ६,७११ स्त्रियांपैकी काहींना नुसती हार्मोनची गोळी दिली, काहींना केमो आणि गोळी. नऊ वर्षांनंतर शरीरात दुसरीकडे आजार न पसरलेल्यांचं प्रमाण ९४.५ आणि ९५ टक्के. म्हणजे केमोने जवळजवळ काहीच वाढवलं नाही. पण पन्नास किंवा त्याखालच्या वयात चित्र वेगळं निघालं. स्कोअर १६ ते २० असेल तर केमोने साधारण १.६ टक्के फरक पडला, २१ ते २५ असेल तर ६.५ टक्के.

तर एकवीस म्हणजे पास का नापास? साठीच्या मावशींना, काखेत काही नसेल, तर केमोची गरज बहुधा नाही. बेचाळीस वर्षांच्या ताईंना तोच एकवीस आला तर ऑन्कॉलॉजिस्टसमोर बसून नीट बोलावं लागेल. सव्वीस किंवा त्याच्या वर मात्र कोणत्याही वयात केमोची बाजू जड होते.

काखेतल्या एक ते तीन गाठींत कॅन्सर असेल तर आरएक्सपॉन्डर हा दुसरा अभ्यास बघायचा. पाळी गेलेल्या स्त्रियांना २५ पर्यंतच्या स्कोअरवर केमोचा फायदा दिसला नाही. पाळी चालू असलेल्यांना दिसला: पाच वर्षांनी आजार नसलेल्यांचं प्रमाण ८९ ऐवजी ९३.९ टक्के. तरुण वयातल्या फायद्याचा काही भाग केमोने अंडाशय बंद पडल्यामुळे असावा, असं बऱ्याच तज्ज्ञांना वाटतं. म्हणून हा प्रश्न लिहूनच न्या: "केमोऐवजी अंडाशय थांबवायचं इंजेक्शन आणि गोळी, हा पर्याय आम्हाला लागू आहे का?"

इंटरनेटवर १८ आणि ३१ या सीमा दिसल्या तर ते पान जुनं आहे. त्या २००४ च्या आहेत.

रिपोर्टमधला नऊ वर्षांचा धोका गोळी घेतली असं धरूनच काढलेला असतो. गरम वाफा येतात, सांधे दुखतात म्हणून दुसऱ्या वर्षी गोळी सोडली तर तो टक्का तुम्हाला लागू नाही. गोळीचा त्रास होतोय हे डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते.

रिपोर्टच्या पुढच्या पानावर

तिथे ईआर, पीआर आणि हर-टूचे वेगळे आकडे असतात. ईआर ६.५ पासून पॉझिटिव्ह, पीआर ५.५ पासून, हर-टू ११.५ पासून. हे आपल्या जुन्या रिपोर्टशी जुळतात का ते बघा. ईआर नव्वद टक्के लिहिलंय आणि इथे निगेटिव्ह आलंय, किंवा ग्रेड एक आहे आणि स्कोअर चाळीस, असं असेल तर उपचार ठरवायच्या आधी पॅथॉलॉजिस्टला फोन करा. कधी ब्लॉकच चुकीचा गेलेला असतो.

पैसे नसतील तर

पिट्सबर्गचं मॅगी समीकरण फुकट आहे. ईआर-पीआरचा एच-स्कोअर (किती पेशी रंगल्या आणि किती गडद, याचा आकडा), हर-टू, केआय-६७, आकार आणि ग्रेड घातले की ते रिकरन्स स्कोअरचा अंदाज देतं. आमच्याकडे मागितल्यास एच-स्कोअर लिहून देतो, न मागता बरेचजण देत नाहीत. बेंगळुरूच्या ऑन्कोस्टेमची कॅनअसिस्ट ब्रेस्ट जनुकांऐवजी पाच प्रथिनं स्लाइडवर रंगवून बघते. तिचा पर्याय डॉक्टरांना विचारा.

एक मात्र करू नका. स्कोअर मनासारखा आला नाही म्हणून दुसऱ्या कंपनीची टेस्ट. ब्रिटनमधल्या ऑप्टिमा प्राथमिक अभ्यासात त्याच गाठींवर वेगवेगळ्या टेस्ट लावल्या, तेव्हा सगळ्या टेस्टचं एकमत झालं ते फक्त ३९.४ टक्के गाठींबाबत. दोन उत्तरं हातात घेऊन बसाल आणि तिसरं कुणी देणार नाही. शंका असेलच तर त्याआधी मूळ स्लाइड आणि ब्लॉक घेऊन स्तनाचं काम रोज करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे जा, ग्रेड आणि ईआर पुन्हा तपासून घ्या. त्याला टेस्टच्या मानाने किरकोळ पैसे लागतात. जाताना पहिल्या रिपोर्टची झेरॉक्स न्या आणि ब्लॉक दिल्याची पावती जपून ठेवा.