क्वायरसाठी आजच्या काळातली गाणी निवडायचीत? आधी टेनर मोजा

दरवर्षी जून आला की आमच्या क्वायरच्या, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांत एकत्र गाणाऱ्या मंडळाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर हे सुरू होतं. रात्री साडेअकराला कोणीतरी व्हिडिओ टाकतं, परदेशातलं उंच चर्च, काळ्या कपड्यातले साठ गायक, ऐकून अंगावर काटा, आणि खाली धडाधड बदाम, "डिसेंबरला हेच करूया ना!!" मीही बदाम टाकणाऱ्यांतलीच. अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटकरचं 'लक्स ऑरुमक्वे' आम्ही असंच उचललं होतं आणि असे आपटलो की विचारू नका.

झालं काय, की त्या गाण्यात प्रत्येक आवाज पुन्हा फुटतो, म्हणजे सोप्रानोचे (बायकांचा उंच आवाज) दोन भाग, आल्टोचे (बायकांचा खालचा आवाज) दोन, असं करत शेजारशेजारचे सूर एकाच वेळी धरायचे, समजा सा, रे आणि ग एकत्र लावलेत आणि ते तसेच लांबवायचेत. आम्ही बावीस जण, त्यात टेनर, म्हणजे पुरुषांचा उंच आवाज, तीन, त्यातला एक नाईट शिफ्टवाला. दोन भाग केले की एका बाजूला एकटा माणूस उरतो, आणि शेजारचा सा मोठ्याने लावत असताना एकट्याने रे धरून ठेवायला काळीज लागतं. तो बिचारा दर वेळी घसरून सा वर जायचा. त्याची चूक नव्हती, निवडच चुकली होती.

म्हणून पहिलं काम, रजिस्टर उघडा आणि खरोखर येणारी माणसं मोजा, ग्रुपवरची नाही. जिथे आवाज फुटतो तिथे एका भागाला निदान तीन गळे पाहिजेत हा माझा हिशोब. टेनर चारच्या खाली असतील तर सरळ तीन आवाजांची, पुरुषांना एकच ओळ असलेली रचना शोधा, त्यात कमीपणा काही नाही. संगीतकार कॅरोलाइन शॉच्या 'पार्टिटा'ला 2013 चं संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, ऐका जरूर, पण ते आठ तयार गळ्यांसाठी आहे, आपल्या रविवारच्या मंडळींसाठी नाही.

दुसरी गोष्ट तालमीची. रविवारी दोन तास, बारा आठवडे म्हणजे चोवीस तास असं कागदावर दिसतं. त्यातून गणपती वजा करा, नवरात्र, दिवाळी वजा करा, एक धो धो पावसाचा रविवार धरा, आणि रेल्वेचा मेगाब्लॉक तर असतोच, डोंबिवली-ठाण्याची माणसं दादरला पोचेपर्यंत वॉर्मअप संपलेला असतो. हातात सोळा तास येतात. एवढ्यात एकच अवघड गाणं बसतं, एकच, बाकी सगळं मध्यम किंवा आधी म्हटलेलं ठेवा.

आता माझा लाडका मुद्दा. आपल्याकडच्या बऱ्याच गायकांना स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचता येत नाही, ते सरगम लिहून घेतात, आणि लोक याला अडचण म्हणतात. अडचण तेव्हाच जेव्हा गाण्यात दर चार ओळींनी सा बदलतो, मग सरगमवाले हरवतात. पण सा जिथे हलत नाही अशी आजची रचना घेतलीत तर हेच लोक भाव खाऊन जातात, तानपुऱ्यावर वाढलेले कान आहेत ते. एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पॅर्त बघा, 1976 पासून त्यांनी जी पद्धत धरली तिच्यात एक आवाज सप्तकात पायरीपायरीने चालतो आणि दुसरा फक्त सा, कोमल ग, प एवढ्यातच फिरतो (मेजर, म्हणजे शुद्ध स्वरांच्या सप्तकात असेल तर शुद्ध ग). आमच्या आल्टोतल्या एक काकू, तीस वर्षं भजनी मंडळात, त्यांना हे दहा मिनिटांत कळलं. फक्त मींड आणि हरकती दाराबाहेर ठेवायला सांगा, सूर मिळवताना त्या घात करतात.

तसंच संगीतकार रीना एस्मेल यांचं 'तारेकिटा', तबल्याच्या बोलांवरचं. परदेशी क्वायर हे बोल उच्चारायला घाम गाळतात, आपल्याकडे निम्म्या लोकांना लहानपणापासून पाठ असतात. आणि मुंबईतच क्वायर उभा करणाऱ्या व्हिक्टर परांज्योतींचं 'द्रविडियन डिथिरॅम्ब' जगभरात गायलं जातं, ते जुनं झालं तरी नव्यांच्या शेजारी मस्त शोभतं, पण कठीण आहे हां, ते घेतलंत तर तेच तुमचं एक अवघड गाणं.

हॉल ठरल्याशिवाय यादी फायनल करू नका. आपली नाट्यगृहं संवादासाठी बांधलेली, शब्द स्वच्छ कळतात पण सूर लगेच मरतो. पॅर्तचं 'दा पाचेम दोमिने' हे संथ, 2004 चं, याला घुमणारी जागा हवी, कुलाब्याच्या अफगाण चर्चसारखी. तेच कोरड्या नाट्यगृहात, वर एसीची घरघर, मग प्रत्येक श्वास ऐकू येतो आणि गाणं लंगडं वाटतं. तिथे लयीची, शब्दांची गाणी घ्या.

शब्दांच्या हक्कांचं कोणी आधी बघतच नाही. व्हिटकरने रॉबर्ट फ्रॉस्टच्या कवितेवर एक रचना केली आणि नंतर कवितेच्या हक्कदारांनी परवानगीच नाकारली, शेवटी चार्ल्स अँथनी सिल्वेस्ट्री यांच्याकडून त्याच सुरांवर नवे शब्द लिहून घ्यावे लागले, तेच आजचं 'स्लीप'. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत. आपल्या कायद्यात कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे केशवसुत (1905), बालकवी (1918) मोकळे, पण कुसुमाग्रज 1999 ला गेले, त्यांच्या कवितेला कोणाकडून नवी चाल लावून घेणार असाल तर आधी परवानगी. आणि स्कोअर, म्हणजे गाण्याची लिहिलेली स्वरलिपी, डोक्यांच्या हिशोबाने विकत घ्या, एक पीडीएफ बावीस जणांत फिरवणं बरोबर नाही, बजेटमध्ये हा आकडा सुरुवातीलाच टाका.

भाषेचं म्हणाल तर लॅटिन, रशियन काहीही चालतं, फक्त निवेदकाला दोन ओळींत मराठी अर्थ सांगू द्या. सलग तीन संथ गाणी लावू नका, तिसऱ्याला पंख्याकडे बघणारे प्रेक्षक मी स्टेजवरून मोजलेत.

यादीत जे उरेल त्याची चाचणी घ्या. सगळ्यात अवघड पान काढा, शेवटचं किंवा मधलं, पहिलं कधीच नाही कारण पहिलं पान सगळ्यांचंच सोपं असतं. वीस मिनिटं द्या, मग पियानो बंद करून टेनरना गाऊ द्या. पडझड झाली तरी सूर परत सापडत असेल तर गाणं ठेवा. पियानो थांबल्यावर सगळे एकमेकांकडे बघत असतील तर पुढच्या वर्षीच्या फाईलमध्ये टाका, आमच्या फाईलमध्ये 'लक्स ऑरुमक्वे' अजून आहे आणि टेनर आता पाच झालेत.