इंदूरच्या थंडीत सायकल बंद पडू द्यायची नसेल तर

डिसेंबर लागला की इंदूरमधल्या निम्म्या सायकली जिन्याखाली जातात. नोव्हेंबरपर्यंत सुपर कॉरिडॉरच्या रुंद रस्त्यावर रविवारी सकाळी झुंबड असते, आणि एकदा पारा १० च्या खाली उतरला की तीच मंडळी एकदम होळीच्या आसपास दिसतात. मला याचं फार वाईट वाटतं कारण माळव्यात सायकलला याच्याइतके चांगले दिवस दुसरे नाहीत, ऊन कोवळं, घाम कमी, चढावर दम कमी लागतो, मे मध्ये सकाळी नऊलाच रस्ता तापतो तेव्हा हेच दिवस आठवतात. म्हणून हे लिहितेय. आणि आधीच सांगते, थंडीत सायकल चालू ठेवायला सगळ्यात आधी जॅकेट नाही लागत, माणसं लागतात.

एकट्याने ठरवलं की उद्या सहाला उठायचं, तर रजई जिंकते. पण चौकात कोणीतरी आपल्यासाठी उभं आहे हे माहीत असलं की माणूस उठतोच. तेव्हा आधी ग्रुप. मोठा नको, पाच-सात जण पुष्कळ झाले, आणि शक्यतो एकाच भागातले. राजेंद्रनगरवाल्यांनी राजेंद्रनगरचे धरावेत, टिळकनगरवाल्यांनी टिळकनगरचे, नाहीतर भेटायच्या जागेपर्यंत पोचण्यातच अर्धा जीव जातो. मग जोड्या लावायच्या. शेजारच्या गल्लीतले दोघं ही एक जोडी, एकाने दुसऱ्याला घरून घेऊनच यायचं, बेल वाजवायची नाही, खालून एक मिस्ड कॉल द्यायचा. अंधार असतो, धुकं असतं, बायका असतात, कॉलेजची पोरं असतात, वयस्कर असतात, कोणीच एकटं रस्त्यावर थांबू नये हा मुद्दा आहे. येणार नसाल तर रात्री दहाच्या आत सांगा, हा नियम मात्र कडक ठेवा, कारण सकाळी सहा डिग्रीत उभं राहून कोणाची वाट बघितली आणि तो आलाच नाही की पुढच्या रविवारी वाट बघणारापण येत नाही, ग्रुप असेच तुटतात.

वेळ बदला. उन्हाळ्यातली साडेपाचची वेळ जानेवारीत चालवायची काही गरज नाही, इथं सूर्य उगवतो सातच्या थोडं पुढे. पावणेसातला निघालं तरी छान. थंडी फार वाढली की कलेक्टर शाळांची वेळ पुढे ढकलतात, मग स्कूल बसपण उशिरा निघतात, ते बघून आपली वेळ ठरवा. आणि हवा अगदी स्तब्ध असेल, शेकोट्यांचा धूर खालीच साचलेला दिसत असेल, तर सरळ आठला निघा, ऊन चढलं की तो धूर वर उठतो. दम्यावाल्यांनी पंप खिशात ठेवायचाच. बीपी किंवा हार्टचा त्रास असलेल्या काका-काकूंनी आधी डॉक्टरांना विचारा, थंडीत बीपी चढतं, आणि घराबाहेर पडायच्या आधी आतच पाच-सात मिनिटं हातपाय हलवून घ्या.

कपड्यांत लोक एकच चूक करतात, एकदम जाड स्वेटर. दहा मिनिटांत घाम येतो, आतला कॉटनचा बनियन ओला होतो, आणि मग तोच ओला बनियन बर्फासारखा पाठीला चिकटून बसतो. अंगाला लागून पॉलिस्टरचा घाम सुकवणारा टीशर्ट, त्यावर पातळ फुल बाह्यांचं काहीतरी, आणि सगळ्यात वर वारा अडवणारं विंडचीटर, बस. घरून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, वाजली नाही तर तुम्ही जास्त घातलंय. वाऱ्याचा हिशोब समजून घ्या, बाहेर ८ डिग्री असतील आणि तुम्ही २५ च्या स्पीडने जात असाल तर उघड्या कातडीला ४-५ डिग्रीसारखं लागतं, म्हणून आधी छाती, बोटं, कान आणि गुडघे झाका. कानटोपी पातळ हवी, हेल्मेटच्या खाली बसली पाहिजे, जाड लोकरीची घातली की हेल्मेट वर उचललं जातं आणि मग त्याचा उपयोग राहत नाही. विंडचीटर नसेल तर वर्तमानपत्राची दोन-तीन पानं स्वेटरच्या आत छातीवर सरकवा, युरोपातले रेसवाले डोंगर उतरताना हेच करत आलेत, फुकट आणि पक्का उपाय आहे. गुडघे उघडे ठेवून हाफ चड्डीत फिरायची हौस फेब्रुवारीसाठी ठेवा.

सायकलचं फार काही नाही. टायरची हवा सकाळी निघताना बघा, दुपारी नाही, कारण दुपारी २८ डिग्रीत ६० पीएसआय भरलेली हवा सकाळी ८ डिग्रीत ५५ च्या आसपास येते आणि तुम्हाला वाटतं पंक्चर आहे. सायकल रात्री बाहेर राहिली तर दव पडतं, चेन कोरड्या फडक्याने पुसून दोन थेंब तेल. रिमवाले ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेला घासून थांबवणारे, ओले असले की पहिल्यांदा दाबल्यावर पकडतच नाहीत, तेव्हा गल्लीतच दोन-तीनदा हलके दाबून सुकवून घ्या, मेन रोडवर जाऊन कळायला नको. दवाने रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणं निसरडी होतात, आणि आपल्याकडे रात्रीच्या सफाईत काही चौक धुतात तिथंपण ओल असते, अशा जागी वळता वळता ब्रेक मारू नका. मागे लाल लाइट, पुढे पांढरा, दोन्ही चार्ज केलेले. लाइट नसेल तर त्या दिवशी उजाडल्यावरच निघायचं, यात सूट नाही.

आता रूट. थंडीत इथं वारा बहुतेक उत्तरेकडून येतो, आणि याचा फायदा असा घ्यायचा की जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. म्हणजे उत्तरेला सांवेरच्या बाजूला जा आणि परत या. अंग ताजं असतं तेव्हा वाऱ्याशी झगडायचं, आणि घाम आलेला असतो तेव्हा वारा मागून ढकलतो, थंडी वाजत नाही. याच्या उलट दक्षिणेला महूकडे गेलात तर जाताना भारी वाटतं, सगळे उडत जातात, आणि परत येताना ओल्या अंगावर समोरून वारा, नवीन माणूस त्यातच कंटाळून सोडून देतो. नवीन लोक असतील तर लांब नेऊच नका. धार रोडचा सिरपूर तलाव चांगला, थंडीत बाहेरून आलेले पक्षी असतात, लोक पक्षी बघायच्या निमित्ताने येतात आणि सायकल आपोआप होते. थोडे सरावलेले असतील तर हातोदच्या बाजूला, गंभीर नदीवरचा यशवंत सागर. हे दोन्ही तलाव २०२२ मध्ये रामसरच्या, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत आलेत. फक्त पाण्याजवळ धुकं दाट असतं, समोरचं शंभर पावलांवरचं झाड दिसत नसेल तर थांबा, चहा प्या, धुकं विरू द्या. बायपासवर धुक्यात जायचंच नाही, तिथं ट्रकवाल्याला तुम्ही दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

ग्रुपमध्ये चालवायची रीत हा खरा विषय आहे, आणि यात लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. सगळ्यात हळू चालवणाऱ्याला पुढे ठेवा. मागे ठेवलं की तो दमतो, अंतर पडतं, पुढचे थांबतात, थांबलेले गारठतात, तो पोचला की लगेच निघतात, म्हणजे ज्याला विश्रांती पाहिजे त्यालाच ती मिळत नाही. "काका, स्पीड तुम्ही ठरवा, आम्ही मागे आहोत" असं म्हणा आणि खरंच मागे राहा. सगळ्यात शेवटी ग्रुपमधला जाणता माणूस, त्याच्याकडे पंप, पंक्चर किट, एक जादा ट्यूब, आणि त्याच्या मागे कोणी राहायचं नाही. वारा समोरून असेल तेव्हा मात्र दणकट लोकांनी पुढे येऊन वारा कापायचा, दोन-तीन मिनिटांनी बदलायचं, बाकीच्यांनी आडोशाला राहायचं, मागच्याचा बराच जोर वाचतो. चाकाला चाक चिकटवू नका, नवीन लोकांनी एक सायकलभर अंतर ठेवलं तरी पुष्कळ. दोघांनी शेजारी शेजारी गप्पा मारत जायचं ते मोकळ्या रस्त्यावर, गाडी आली की एकामागे एक.

हाका आधी ठरवून घ्या. ग्रुपमध्ये मराठी, हिंदी, सिंधी सगळे असतात, तेव्हा सगळ्यांना कळेल असं, "गड्डा", "ब्रेकर", "पीछे गाडी", "धीरे". पुढचा ओरडतो, मधल्याने तीच हाक मागे द्यायची, थंडीत कानावर कापड असतं, एका हाकेत ऐकू जात नाही. हात सोडून इशारा करणं जमत नसेल तर करू नका, बोटं गारठलेली असताना हँडल महत्त्वाचं. प्रत्येक थांब्यावर डोकी मोजा. आणि पंक्चर झालं तर सगळे थांबतात, तिघंचौघं निघून गेले आणि दोघं पंक्चर काढत बसले असं चालणार नाही, एकाने टायर काढायचा, दुसऱ्याने टॉर्च धरायचा, बाकीच्यांनी आपलं जॅकेट त्याच्या अंगावर टाकायचं, गार बोटांनी टायर रिमवर चढवणं फार त्रासाचं असतं.

पाण्याचं विसरतात. तहान लागत नाही पण घाम आणि श्वासातून पाणी जातच असतं, बाटलीत कोमट पाणी घ्या म्हणजे प्यायला जीव होतो. दीड तासाच्या पुढे जाणार असाल तर खिशात गूळ-शेंगदाणे किंवा आईच्या हातचा डिंकाचा लाडू, दुकानातले महागडे बार नकोत. राइड संपली की पोहे-जलेबी होणारच, इंदूर आहे, वरून जीरावन मसाला भुरभुरून खा, पण ठेल्यावर पोचल्यावर पहिलं काम म्हणजे आतला ओला टीशर्ट बदलणं, कोरडा एक बॅगेत ठेवा. लोक घामाने भिजलेले सावलीत उभे राहून अर्धा तास गप्पा मारतात आणि मग म्हणतात सायकलने सर्दी झाली. उन्हात बसा. आणि नवीन आलेल्याचा पहिला प्लेट ग्रुपकडून, हे आमच्याकडे पाळतात आणि मला फार आवडतं, कारण तो माणूस पुढच्या रविवारी येतोच.

संक्रांतीच्या आधीच्या पंधरा दिवसांत एक वेगळी काळजी, मांजा. चायनीज मांजावर, म्हणजे पतंगाच्या नायलॉनच्या दोऱ्यावर, एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) २०१७ मध्येच बंदी घातलीये तरी तो मिळतो, आणि सायकलवाल्याची मान नेमकी त्याच उंचीला येते. त्या दिवसांत गळ्याला जाड मफलर किंवा बफ (गळ्यात घालायची कापडी नळी), नाकापर्यंत, आणि वस्त्यांमधून, पुलांवरून जाताना स्पीड कमी. कोणाला झाडात लटकलेला दिसला तर सगळ्यांनी थांबून गुंडाळून कचरागाडीत टाका, पक्षीपण वाचतात.

शेवटचं काम, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही सकाळी निघता तेव्हा रस्त्यावर आधीच सायकलवाले असतात, पेपरवाले, सांवेर रोडच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून परतणारे, वॉचमन. त्यांच्या सायकलला लाइट नसतो, अंगात एक स्वेटर, आणि ते रोज चालवतात, आपल्यासारखं रविवारी नाही. हेपण आपलेच सायकलवाले आहेत. ग्रुपने वर्गणी काढून रिफ्लेक्टर टेपचा एक रोल घ्या, रोल शेवटच्या माणसाच्या बॅगेत राहू द्या. चहाच्या टपरीवर ते थांबतात तिथं विचारा, "भिया, टेप लगा दें क्या?", बहुतेक जण हो म्हणतात. मागच्या मडगार्डवर लाल, पुढच्या दांडीवर पांढरा, आणि एक छोटा तुकडा दोन्ही पेडलच्या मागच्या कडेला, कारण वरखाली होणारी चमक ड्रायव्हरला लांबूनच सायकल म्हणून ओळखू येते. लावायच्या आधी जागा फडक्याने पुसून कोरडी करा, आणि टेप अंगठ्याने दाबून थोडा गरम करा, थंडीत गोंद धरत नाही, नाहीतर संध्याकाळपर्यंत निघून येतो.