लहान मुलाचे खुब्याचे प्लास्टर मजबूत कसे राखावे

खुबा जन्मतः निखळलेला असल्यास तो जागेवर बसवल्यानंतर, किंवा मांडीचे हाड मोडल्यास, लहान मुलाला छातीपासून पायापर्यंत जे प्लास्टर घालतात, त्याला डॉक्टर ‘हिप स्पायका’ म्हणतात. ते कित्येक आठवडे टिकावे लागते आणि तडकण्याचा सर्वाधिक धोका असतो तो जांघेत. धडाभोवतीचा रुंद भाग व पायाभोवतीचा अरुंद भाग तिथेच जोडलेला असतो, शी-शूसाठी मोकळी ठेवलेली जागाही तिथेच असते आणि पाय धरून उचलले की तरफेप्रमाणे सगळा ताण त्याच जोडावर येतो.

घरी नेण्यापूर्वी प्लास्टर पांढऱ्या पीओपीचे (प्लास्टर ऑफ पॅरिसचे) आहे की फायबरचे, हे विचारून घ्यावे. फायबरचे साधारण अर्ध्या तासात भार सोसण्याजोगे होते. पीओपी काही मिनिटांतच घट्ट झाल्यासारखे वाटते. परंतु आतले जादा पाणी उडून जाईपर्यंत त्याची ताकद निम्मीच असते आणि एवढे जाड प्लास्टर वाळायला दोन-तीन दिवस सहज लागतात. नाशिकच्या श्रावणातल्या ओलसर हवेत त्याहूनही अधिक. या काळात पंखा लावावा, मुलाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे आणि खाली रबरी कापड घालू नये. गरम हवेचा ड्रायर मात्र वापरू नये, त्याने त्वचा भाजू शकते. ओले प्लास्टर बोटांनी दाबून धरल्यास खळगा पडतो, तो आतून त्वचेला टोचून जखम होते, म्हणून उचलताना पूर्ण तळवे वापरावेत. वाळले की नाही, हे बोटाच्या पेराने टकटक करून कळते: ओले असल्यास आवाज बद्द येतो आणि स्पर्श गार लागतो, वाळलेले खणखणीत वाजते.

उचलण्याची रीत सर्वांत महत्त्वाची आहे. एक हात पाठीखाली व दुसरा नितंबांखाली घेऊन, शक्यतो दोघांनी मिळून, धड आणि पाय एकाच वेळी उचलावेत. दोन पायांमध्ये बसवलेली आडवी काठी प्लास्टरला आधार देण्यासाठी असते. तिला धरून मुलाला कधीही उचलू अथवा वळवू नये. आजी-आजोबांना हे प्रत्यक्ष करून दाखवावे, कारण दिवसभर मूल बहुधा त्यांच्याच हाती असते. झोपवताना पायांखाली गोधडीची घडी द्यावी, म्हणजे पाय अधांतरी लोंबणार नाहीत.

ओल लागली की पीओपी पुन्हा मऊ पडते. फायबर मऊ पडत नसले, तरी आतला कापूस भिजतो. लहान डायपर प्लास्टरच्या कडेच्या आत सरकवून वरून मोठा बांधावा, तो वरचेवर बदलावा आणि डोक्याकडची बाजू किंचित उंच ठेवावी.

रोज आंघोळीऐवजी अंग पुसताना जांघेतील जोड उजेडात पाहावा. तडा, मऊ झालेली जागा किंवा जोडापाशी होणारी हालचाल दिसल्यास घरी चिकटपट्टी लावत बसू नये, डॉक्टरांना कळवावे. पायाची बोटे निळी, गार किंवा सुजलेली दिसणे, बोटे न हलणे, सतत उलट्या, पोट फुगणे, ताप किंवा प्लास्टरमधून दुर्गंधी, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. पेठ-सुरगाण्याकडून घाटाने नाशिकला यायचे असल्यास दुचाकी टाळावी आणि जीपच्या मागच्या सीटवर मुलाला आडवे ठेवून, मोठ्या माणसाने शेजारी बसून दोन्ही पायांना खालून आधार द्यावा.